लांबीतला अंगठा

रंगारीबुवांनी अणुवीज केंद्राची भिंत रंगवली त्याला तीस वर्षं झाली. त्या भिंतीतल्या भेगेची गोष्ट मात्र ते दर वर्षी नव्याने रंगवत. सुरुवातीला भेगेत नख जायचं. मुलीच्या लग्नापर्यंत बोट जायला लागलं. नातू झाला तेव्हा हात कोपरापर्यंत गेला आणि आतून कुणीतरी हात मिळवलासुद्धा.

आता केंद्राची चाळिशी उलटली. शहराला खेटलेलं हे धूड आणखी वीस वर्षं चालवायचं की बंद करायचं, यावर सभा भरली आणि विरोधातल्या मास्तरीणबाईंनी साक्षीला बुवांनाच उभं केलं.

"भेग होती ना, काका?"

"होती की."

"केवढी?" केंद्राच्या इंजिनिअरसाहेबांनी विचारलं.

बुवा मनात हिशेब करू लागले. कोपर म्हणावं तर अंगाशी येणार, नख म्हणावं तर आजवरच्या थापा उघड्या पडणार. आणि मुळात भेग होती का? इतक्यांदा सांगून त्यांचं त्यांनाच आठवेना!

पहिल्या रांगेतून मुलगी उठली. तिचं घर केंद्राच्या कुंपणाला लागून. "बाबा, गंमत पुरे. पोराला घेऊन मी तिथे राहते. खरं सांगा."

"खरवडून बघा," बुवा घाम पुसत म्हणाले. "आम्ही रंगारी लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भेग भरली की ओल्या लांबीत अंगठा दाबतो, आपली खूण म्हणून. अंगठा सापडला तर भेग, नाहीतर थाप."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा, साहेब आणि बाई तिघंही भिंतीलगतच्या परांचीवर चढले. बुवांनी पत्तीनं रंग खरवडला. अंगठा निघाला! त्यांनी आपला लावून पाहिला. बसेना.

"हा माझा नव्हे."

खालच्या थरात दुसरा निघाला, बारका. तोही परका. तिसऱ्या थरातल्या अंगठ्यावर जुन्या जखमेची तिरपी रेघ होती. तो बरोब्बर बसला.

"तीनदा भरलीय. याला देखभाल म्हणतात," साहेब म्हणाले.

"अहो, तीनदा उघडलीय!"

"वरच्या गिलाव्याची भेग आहे, बाई. आतली भिंत वेगळी."

"आत कोण बघून आलंय?"

बुवांना साहेबांचं पटे, लगेच बाईंचंही पटे. आपलीच थाप खरी निघाल्यावर माणसानं भरवसा ठेवायचा कशावर? तिन्ही अंगठ्यांना चिरत एक बारीक रेघ गेली होती.

"बाबा, केवढी आहे?" खालून मुलगी ओरडली.

बुवांनी रेघेत नख घालून पाहिलं.

"नखाएवढी!"

"मग राहू ना तिथे?"

"ते मला कळत नाही गं!"

बाबांनी जन्मात पहिल्यांदाच एखादी गोष्ट लहान करून सांगितली होती. म्हणजे या वेळी थाप नव्हती; मुलगी सामान बांधायला घराकडे पळाली.