हिरवी रेघ आणि खंडेनवमी

अमरावतीच्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, एक लोखंडी पेटी होती. पुढे बशीएवढी गोल काच, खाली काळ्या बटणांची रांग, वर हवा जायला जाळी. महायुद्ध संपल्यावर लष्कराचं सामान लिलावात निघालं, त्यातून हरिहर सरांनी ती आणली होती. बडनेऱ्याहून टांग्यात, मांडीवर घेऊन. लेकरू आणावं तशी. विजेच्या लहरी डोळ्यांना दाखवणारं ते यंत्र, ऑसिलोस्कोप. पण हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना. शिपाई डोमाजीने त्याला 'हिरवा डोळा' म्हटलं आणि तेच रूढ झालं.

चारुशीला अकोल्याहून शिकायला आली, त्या पहिल्याच वर्षी सरांनी तिला मायक्रोफोनपुढे उभं केलं आणि 'आ' म्हणायला सांगितलं. ती लाजतलाजत 'आ' म्हणाली, तशी काचेवरची हिरवी रेघ उठली, वळली, डोलायला लागली. आपला आवाज आपल्याला दिसतो आहे, हे तिला खरंच वाटेना. त्या दिवशी तिच्या अंगावर जो काटा आला, तो पुढे एम.एस्सी. होऊनही पुरता गेला नाही. त्याच प्रयोगशाळेत ती डेमॉन्स्ट्रेटर झाली. लोक म्हणाले, पोरीला नोकरी लागली. ती मनात म्हणाली, मी रेघेपाशी राहिले.

आणि आता ती रेघच गेली होती. आधी पावसाळ्यात मिणमिणायची, उन्हाळ्यात पुन्हा लख्ख व्हायची. यंदा वैशाखातही उजळली नाही. दसऱ्यानंतर तपासणीची कमिटी येणार होती. जे चालत नाही ते सगळं भंगारात. कमिटीला काय, लोखंड म्हणजे लोखंड. दिवाळीनंतर सरही निवृत्त होणार होते, आणि पेटी आपल्याआधी जाणार म्हणून ते अलीकडे त्या कोपऱ्याकडे बघतच नसत. चारुशीलाने ठरवलं, दसऱ्याच्या आत रेघ आणायची. नाहीतर तिचा 'आ' किलोच्या भावाने जाणार होता.

अडचण अशी, की यंत्राचा नकाशाच नव्हता. कुठली तार कुठून कुठे जाते, हे सांगणारा कागद लष्करातच राहिला असावा. मग तिने तो स्वतः काढायला घेतला. प्लग काढायचा, आत साठलेली वीज जमिनीत उतरवायची, आणि मग एकेक तार बोटाने धरून मोठ्या कागदावर शाईने रेघ ओढायची.

झाकण उघडलं त्या दिवशी तिचा हात थांबलाच. आत तारांच्या जुड्या मेणाच्या दोऱ्याने गुंफल्या होत्या, गजरा गुंफावा तशा, गाठीला गाठ सारखी. तिकडे विलायतेत बाँब पडत असतील, आणि कुणीतरी बसून अशा गाठी मारत होतं. तिला उगाचच ती एखादी बाई वाटली. जिथे कुणाची नजर कधी जाणार नाही, तिथे इतकं देखणं काम! चारुशीलाने मनोमन तिला नमस्कार केला आणि नकाशा आणखी नेटका काढायला लागली.

डोमाजी येताजाता बघायचा. एकदा न राहवून म्हणाला, "बाई, तुमी काहून येवढा जीव लावून राहिल्या त्याले? त्याच्यातला देव उठून गेला."

देव गेला नव्हता. जाळीच्या बरोबर खाली एक तपकिरी पट्टी होती. काचेकडे जाणारी सगळ्यात जबर वीज तिच्यावरून जायची. त्या पट्टीवर लालसर ओघळ होता. मीटरचा काटा जिथे निपचित पडायला हवा, तिथे हलत होता. तिने पट्टीवर नुसती फुंकर घातली, तर श्वासातल्या ओलीने काटा आणखी वर चढला. पावसाळ्यात रेघ का मिणमिणायची ते तिथेच कळलं. वीज काचेकडे जायच्या आधीच ओघळावरून पाझरून जात होती.

ओघळ गंजाचा असावा म्हणून तिने तो बोटावर घेतला, चोळला. गंज कसला! बाईमाणसाला ते ओळखायला मीटर लागत नाही.

हरिहर सर भिक्षुकाच्या घरातले. दर खंडेनवमीला ते सोवळ्यात यायचे, सगळ्या यंत्रांची पूजा करायचे, आणि या लाडक्या पेटीला जाळीवरच ओल्या कुंकवाचं भरघोस बोट लावायचे. वर फुलाने पाणी शिंपडायचे. वर्षानुवर्षं.

तिने पट्टी स्पिरिटने पुसली, जळका भाग खरवडला, वार्निश लावलं. कोरडं झाल्यावर बटण दाबलं. काचेवर आधी काहीच नाही. मग एक हिरवा ठिपका, आणि ठिपक्याची रेघ झाली.

नकाशाच्या कोपऱ्यात बिघाडाचं कारण लिहायचं राहिलं होतं. 'ओल' लिहावं असं तिला वाटलं. खोटंही नव्हतं ते, आणि म्हाताऱ्याचं मन राहिलं असतं. पण झालं ते लिहायचं, बरं दिसेल ते नाही, हे तिला शिकवलं होतं कुणी? तिने लिहिलं: कुंकू.

खंडेनवमीला सर तबक घेऊन आले. टेबलावरचा नकाशा बघून हरखले, एकेक रेघ बोटाने वाचत गेले, आणि कोपऱ्यात पोचले. तबक त्यांनी टेबलावर ठेवलं.

"म्हणजे दरवर्षी पूजा म्हणून मी त्याचा गळाच दाबून राहिलो होतो," ते म्हणाले.

चारुशीलाने यंत्र सुरू केलं आणि मायक्रोफोन त्यांच्यापुढे सरकवला.

रेघेकडे बघत सरांनी दरवर्षीचा श्लोक हळू आवाजात सुरू केला. रेघ उठली. ऱ्हस्वाला थोडकी, दीर्घाला लांबवर, आवाज घोगरा झाला तिथे विस्कटून, ती त्यांच्या बरोबर चालली. ते थांबले, तशी आडवी झाली. पुन्हा म्हणाले, पुन्हा उठली. इतकी वर्षं त्यांनी पोरापोरींचे आवाज त्या काचेवर दाखवले होते, पण स्वतःचा श्लोक कधी त्या रेघेपुढे म्हटला नव्हता. पूजेच्या वेळी यंत्र बंद ठेवायचं असतं ना!

"ऐकतो गं हा," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. डोमाजीने दारातूनच हात जोडले.

सरांनी बोट कुंकवात बुडवलं. हात सवयीने जाळीकडे गेला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी तो खाली आणला आणि नकाशाच्या कोपऱ्यात, तिने लिहिलेल्या शब्दाशेजारी, ते बोट टेकवलं.

ते कुंकू वाळेपर्यंत चारुशीलाने कागद उचलला नाही.