वेणूला विचारलेले प्रश्न

पुण्यात पुस्तक आवडलं असं एकदम कोणी म्हणत नाही. आधी त्यातल्या चुका काढायच्या, मग लेखकाचं वय विचारायचं, आणि निघताना चपला घालता घालता ‘तसं वाईट नाही’ म्हणायचं. एवढं ऐकलं की समजावं, माणूस भारावून गेलाय. सदाशिव पेठेत चंद्रभागाबाईंच्या घरी दर महिन्याला पुस्तकभिशी भरायची, तिची तऱ्हाही याहून निराळी नव्हती. बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण तो निर्णय त्यांनी मनापासून स्वीकारलेला नव्हता.

भिशीत पैसे नसत. वाटीत चिठ्ठ्या असत आणि चिठ्ठ्यांवर कादंबरीतल्या पात्रांची नावं. ज्याला जे पात्र येईल त्याने ते होऊन दिवाणावर बसायचं आणि बाकीच्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. अट एकच, उत्तराला पुस्तकात आधार हवा. उत्तर जरा सैल वाटलं की बाई म्हणत, “पान?” त्या एका शब्दाने भल्याभल्यांची भंबेरी उडे.

या खेपेची कादंबरी चांगली जाडजूड होती. इनामदारांच्या चार पिढ्या, भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या, आणि चौथ्या पिढीत वेणू. मुलगी म्हणून तिचं बारसं झालं, मुलगी म्हणूनच ती वाढली, पण वयात येताना शरीराने वेगळी वाट धरली. बाई आणि पुरुष असे दोनच खण जगाने करून ठेवलेले, त्यातल्या एकातही ते नीट बसेना.

“मला जाम आवडली,” राजनंदिनी म्हणाली. ती हिंजवडीत नोकरीला होती आणि पुस्तकं फोनवर वाचायची. “इंटरसेक्स कॅरेक्टर मराठीत इतकं सेंट्रल, वॉव! पण एंडिंग? सगळं सोडून नर्मदा परिक्रमा? टोटल कॉप-आउट.”

“पात्राचं काय करावं ते कळेनासं झालं की लेखक त्याला नर्मदेवर पाठवतो,” बाई म्हणाल्या. “बिचारी नर्मदा.”

महिपतराव धायरीचे. शेतावर इमारती उभ्या राहिल्यापासून त्यांना वाचायला वेळच वेळ होता. ते म्हणाले, “आमच्या घराण्यात तसलं कुणी न्हाई बगा. चार पिढ्या तोंडपाठ हायेत मला.”

“असतं तर तुम्हाला कळवायला कोण आलं असतं, महिपतराव?” बाईंनी विचारलं.

महिपतरावांनी चहाचा घोट घेतला. बाईंनी वाटी पुढे केली, दीपालीने हात घातला आणि चिठ्ठी उघडली. वेणू.

दीपालीने चिठ्ठीची बारीक घडी घातली. ती जवळच्याच एका क्लासमध्ये गणित शिकवायची, चाळिशी ओलांडलेली, एकटी राहणारी. आणि ती वेणूसारखीच होती. हे त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हतं. बाईंनी तर तिच्यासाठी कितीतरी स्थळं आणली होती आणि प्रत्येक नकारावर तोंडसुख घेऊन शेवटी नाद सोडला होता. पण यायला उशीर झाला तर फोन करणारं तिला अख्ख्या पुण्यात हे एकच घर होतं. खरं कळल्यावर इथे आपल्याकडे कसं बघतील, या भीतीने ती इतकी वर्षं गप्प होती. आता चिठ्ठी परत टाकावी तर कारण विचारतील. ती दिवाणावर जाऊन बसली.

“वेणू,” राजनंदिनीने सुरुवात केली, “तुला आतून काय वाटतं? आय मीन, बाई की पुरुष?”

“सकाळी उठल्यावर मला चहा हवासा वाटतो,” दीपाली म्हणाली. “तू उठल्याउठल्या आधी हे ठरवतेस का?”

“पान?” बाईंनी विचारलं, पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. “बरं, चालेल. वेणू फटकळ आहेच.”

महिपतराव पुढे सरकले. “मला येकच सांगा. जमिनीत वाटा कंचा मिळाला? लेकाचा का लेकीचा?”

“महिपतराव, ही कादंबरी आहे, सातबारा नाही.”

“आवो पन बाई, भांडान तितंच सुरू हुतं ना!”

दीपालीला हसू आलं. तिने बेचाळीसाव्या प्रकरणातला चुलत्याचा डाव नीट उलगडून सांगितला, पानासकट. मग आणखी प्रश्न आले. वेणूला कोणी आवडलं होतं का? ती देवाला काय मागायची? आरशात बघायची का? दीपालीला स्वतःचंच नवल वाटायला लागलं. भीती कुठल्या कुठे गेली होती आणि पुढचा प्रश्न कोणता येतोय याची ती वाट बघत होती. तिच्या घरी या विषयावर प्रश्न विचारायची सोय नव्हती. आई ‘झोप आता’ म्हणायची, वडील पेपर वर धरायचे. डॉक्टर बोलायचे ते आईशी. आणि इथे तिघं माणसं कान टवकारून तिच्याकडे बघत होती.

“मला एक कळलं नाही,” बाई म्हणाल्या. “घरात आजी, काकू, आत्या, इतक्या बायका. मुलगी वयात आली तरी तिला पाळी येत नाही, हे त्यांच्या लक्षात कसं आलं नाही? बायकांच्या नजरेतून असलं सुटत नाही.”

“आई मला बाजूला बसवायची ना,” दीपाली भरभर बोलत गेली. “दर महिन्याला, खोटंच. कोपऱ्यात वेगळी सतरंजी, वेगळं ताट-भांडं. आजीने विचारलं की म्हणायची, बसलीय ती. मी तिथे गणितं सोडवत बसायचे. आजी लांबून लाडू सरकवायची, अशक्तपणा येईल म्हणून. तो लाडू खाताना मला फार चोरट्यासारखं व्हायचं.”



“अप्रतिम,” बाई हळूच म्हणाल्या. “हे माझ्या वाचनातून निसटलं कसं? पान?”

“दोनशे चौदा,” दीपाली म्हणाली. तोंडाला येईल तो आकडा तिने ठोकून दिला होता.

आता पुण्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिकेला पान सांगितल्यावर ती ते उघडून बघणार नाही, असं गणिताच्या बाईला वाटावं, याला काय म्हणावं! बाईंनी चष्मा चढवला. “इथे आमराईच्या वाटण्या चालल्यात.”

“मी सर्च केलं,” राजनंदिनी फोनवरून बोट फिरवत म्हणाली. “लाडू एकदाही नाहीये पूर्ण बुकमध्ये.”

“आसंल दुसऱ्या कुटल्या पुस्तकात,” महिपतराव म्हणाले. “लई वाचलं की व्हतो घोळ. माजा बी व्हतो.”

सुटकेचा दरवाजा सताड उघडा होता. नुसतं ‘हो, तसंच असेल’ म्हटलं की चहाचा दुसरा कप आला असता आणि पुढच्या पात्राची चिठ्ठी निघाली असती. पण मग पुन्हा कोणी कधी काही विचारलं नसतं, आणि ते दीपालीला आता सोसवणार नव्हतं.

“पुस्तकातलं नाही ते,” ती म्हणाली. “आमच्या घरातलं आहे. मी वेणूसारखीच आहे, बाई. सोळाव्या वर्षी माझं ऑपरेशन झालं. मला सांगितलं हर्नियाचं. खरं काय काढून टाकलं ते तिशीत दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तोवर आई गेली होती. तुमची स्थळं मी नाकारायची ती याच्यामुळे. खोटं बोलून लग्न करायचं नव्हतं, आणि खरं बोलायची छाती नव्हती.”

राजनंदिनीने फोन पालथा ठेवला. महिपतरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली. आता कोणी ‘अरेरे’ म्हणेल, मग सगळे जपून, हळू आवाजात बोलायला लागतील, याची दीपालीला धास्ती वाटली. तसं झालं असतं तर ती पुन्हा या घराची पायरी चढली नसती.

बाईंनी कादंबरी मिटून बाजूला ठेवली.

“आणखी विचारलं तर चालेल?” त्यांनी विचारलं. “वेणूला नाही. तुला.”

दीपालीने मान डोलावली.

बाई उठल्या. दिवाणापाशी येऊन तिच्या शेजारी बसल्या. प्रश्न जुळवायला त्यांना वेळ लागला, इतकी वर्षं वर्गाला प्रश्न विचारलेल्या बाईला.

“तेव्हा,” त्या म्हणाल्या, “ऑपरेशन झालं तेव्हा, दुखलं का गं खूप?”

दीपालीला आईने हे विचारलं नव्हतं, डॉक्टरांनी नाही, आणि तिने स्वतःही स्वतःला नाही. तिचे डोळे भरून आले आणि ती लहान मुलीसारखी म्हणाली, “हो. खूप दुखलं, बाई.”