वारेने दिलेली शिदोरी

मित्रांनो, मी एक जुनी वार आहे. नाक मुरडू नका! आईच्या पोटात बाळाची नाळ ज्या मांसल गोळ्याला जोडलेली असते, त्याला वार म्हणतात. एकोणीसशे छप्पन्न साली पिंपरी गावात सोपानरावांच्या लेकीला, शालनला, मी जन्मापर्यंत पोसलं. ती जन्मल्यावर सुईणीने हळदकुंकू वाहून मला मडक्यात घातलं आणि न्हाणीमागे पुरलं. तेव्हापासून घरातलं सगळं मला कळतं.

लोक मला चाळणी समजतात. छे! आईचं आणि बाळाचं रक्त मी कधी मिसळू दिलं नाही. शालनच्या आईला, गोजाबाईला, लहानपणी चऱ्होलीत गोवर झाला होता. गोवराशी लढणारे प्रतिपिंड तिच्या रक्तात राहिले होते. ते निवडून, धरून मी बाळाकडे पोचवले, शेवटच्या महिन्यांत तर झपाट्याने. फार मोठ्या आकाराच्या प्रतिपिंडांना मात्र वाट दिली नाही. शाबासकी कुणी दिली नाही, मी मागितलीही नाही.

शालन तान्ही असताना घरातच तिच्या चुलतभावाला गोवर झाला. शालनच्या अंगावर मात्र एक पुळीही उठली नाही. आजी अंबूबाईने आजारी पोराच्या उशाशी ठेवलेल्या कडुलिंबाच्या डहाळीला देवी मानून हात जोडले.

"माझ्या नातीला गोवर शिवायचाच न्हाई," असं ती गावभर सांगत सुटली.

इथेच घोटाळा झाला. आईकडून आलेले प्रतिपिंड वर्षभरही टिकत नाहीत. शालन पावलं टाकू लागली तोवर तिची शिदोरी संपली होती. त्याच सुमारास शेजारच्या मुलाला गोवर झाला, आणि त्याला बघायला अंबूबाई नातीला कडेवर घेऊन निघाली.

"आत्याबाई, तिला नगा नेऊ," गोजाबाई सासूला म्हणाली.

"गप गं! हिला काय हुतंय?"

मला सगळं कळत होतं, पण मातीखालून सांगणार कशी?

पुढच्या पंधरवड्यात शालन तापाने फणफणली. डोळे लाल झाले, अंगभर पुरळ आलं, डावा कान वाहू लागला. गावाजवळच्या नव्या कारखान्यात जिवाणू मारणारं औषध बनत होतं, पण गोवर विषाणूचा, त्याच्यावर ते चालत नव्हतं. गोजाबाई तिला चमच्याने पाणी पाजत बसली.

"माझंच चुकलं गं, पोरी," म्हणत अंबूबाई ढसाढसा रडली. मलाही फार वाईट वाटलं.

शालन वाचली. मित्रांनो, आईचं देणं थोडे महिनेच पुरतं. ते सरलं की बाळाला तुम्हीच जपा, एवढंच माझं मागणं.

त्यानंतर अंबूबाई नातीला हाक मारायची तर आधी तिच्या उजव्या बाजूला जाई. डाव्या कानाने शालनला ऐकू येत नसे.