जावयाचं वजन

दोघांनी जावयाला हातापायांना धरलं, एक झोका दिला आणि धक्क्यावरून सरळ समुद्रात फेकलं. परीक्षक साहेबांनी घड्याळाची कळ दाबली.

जावई म्हणजे बचाव केंद्रातला सरावाचा पुतळा. जाड ताडपत्रीचा, आत वाळू भरलेला, अंगात नारिंगी लाइफ जॅकेट. त्याला पाण्यातून काढायचं, पुसायचं, उन्हात खुर्चीवर बसवायचं, आणि त्यानं मात्र आभाराचा एक शब्द काढायचा नाही. मग जावई नाही तर काय म्हणायचं?

आणि बोटीच्या काठावर पालथा पडून त्याच्याकडे हात लांबवणारा माणूस म्हणजे चिमटा. कागदोपत्री नाव वेगळं होतं. पण एकदा बुडत्या जहाजावरच्या आचाऱ्याची कॉलर त्यानं उसळत्या लाटांत अशी धरून ठेवली, की बोटीत घेतल्यावरही त्याची बोटं सुटेनात. दोघांनी मिळून ती एकेक करून सोडवली. तेव्हापासून तो चिमटाच.

आता तटरक्षक दलानं शेजारशेजारची केंद्रं मोडून एकच मोठं करायचं ठरवलं होतं. वर कुणीतरी नकाशावर बोट ठेवलं आणि इथल्या दारावरची पाटीसुद्धा उतरली. नव्या केंद्रात माणसं जास्त आणि बोटीवर जागा कमी. म्हणून ही परीक्षा. जावयाला एकट्यानं पाण्यातून बोटीत ओढेल तो बोटीवर राहील, ज्याला जमणार नाही तो स्टोअरमध्ये, दोरखंडांच्या वेटोळ्यांत. स्टोअर म्हणजे जिवंतपणी अडगळीत जाणं, असं चिमट्याला वाटायचं. त्यात पन्नाशी उलटलेली, उजवा खांदा केव्हाचा कुरकुरत होता, आणि मागच्या सरावात जावई त्याच्या हातून निसटला होता. तेव्हा कुणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. खांद्याला तेल चोळताना बायको टोमणा मारायची, "बुडणाऱ्याला कुठं ठाऊक असतं, तुमचा खांदा दुखतोय ते!"

त्यानं जॅकेटचे पट्टे पकडले, दातओठ खाऊन जोर लावला, आणि भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसा हात वर आला. चिमटा बोटीत उताणा आणि जावई त्याच्या छातीवर. धक्क्यावर टाळ्या पडल्या. जरा लवकरच पडल्या. साहेब म्हणाले, या वयात कमाल आहे तुमची, आणि पुढच्याला बोलवायला सांगून चहाला गेले.

चिमट्यानं घरी फोन लावला. झालं, एवढंच बोलला. पलीकडे बायकोचा श्वास मोकळा झालेला त्याला ऐकू आला. जावेला मीच आधी सांगणार बरं का, असं काहीबाही ती आनंदानं बोलत राहिली. शेवटी म्हणाली, "लवकर या. तेल गरम करून ठेवते. आज खांद्याची वाट लागली असेल."

फोन ठेवल्यावर त्यानं खांदा फिरवून पाहिला. खांदा मुळीच दुखत नव्हता.

मग त्यानं जावयाला उलटा केला. कमरेपाशी नवा दोरा होता, टाके लांबलांब, घाईचे. असे टाके केंद्रात एकच माणूस घालायचा. तो इंजिनवाल्याकडे गेला. ऐन उमेदीपासूनचा जोडीदार. आग विझवायच्या लाल बादल्या इंजिनाच्या खोलीत ओळीनं असायच्या, एरवी अर्ध्याच, पण आज त्यांतल्या दोन वाळूनं शिगोशीग भरल्या होत्या.

"तू काढलीस?"

इंजिनवाला हातातलं फडकं पिळत राहिला. "सगळ्यांनी मिळून ठरवलं. तुला स्टोअरमध्ये बसवून आम्ही कुठल्या तोंडानं बोट काढायची? अरे, वाळूच आहे ती. खरा माणूस होता का?"

चिमट्याला राग यायला हवा होता. पण आला नाही. एवढी माया होती या लोकांची, आणि आपल्याला जमणार नाही याची एवढी खात्रीही होती.

"खरा माणूस असेल तेव्हा," तो म्हणाला, "त्याच्यातलं काय काढून ठेवणार आहेस?"

इंजिनवाल्यानं फडकं टाकलं आणि स्वतःच बादली उचलली. चिमट्यानं शिवण उसवून धरली, त्यानं ओंजळीओंजळीनं वाळू भरली, आणि मग चिमट्यानंच बारीक, घट्ट टाके घातले.

साहेबांना त्यानं सांगितलं, पुतळा उसवला होता, वाळू गळाली होती, पुन्हा परीक्षा घ्या. कुणाचं नाव घेतलं नाही. साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "राहू द्या ना. मी पास केलंय. मला काही दिसलं नाही."

"मला दिसलं, साहेब."

दुसऱ्यांदा जावई पाण्यात पडला तेव्हा आवाजच वेगळा आला. चिमट्यानं पट्टे धरले. डोकं वर आलं, छाती बोटीच्या काठाला टेकली, ओला गाल त्याच्या गालाला लागला. आणखी एक हिसका हवा होता. चिमट्यानं तो द्यायचं ठरवलं, पण हातानं ऐकलं नाही. बोटं उघडली. जावई मागं सरकत गेला आणि आभाळाकडे तोंड करून तरंगत राहिला. धक्क्यावर कुणी हललं नाही. साहेबांनी घड्याळ केव्हाच थांबवलं होतं, तरी ते घड्याळाकडेच बघत राहिले. शेवटी इंजिनवाला लांब दांड्याचा गळ घेऊन आला आणि दोघांनी मिळून त्याला वर घेतलं. चिमट्यानं त्याला पुसलं आणि उन्हात खुर्चीवर बसवलं.

घरी वाटीत तेल तयारच होतं. बायकोनं शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. तो सदरा काढून बसला. तिची बोटं खांद्यावर पडताच त्यानं डोळे मिटून घेतले.

"इतका दुखतोय?"

"पहिल्यांदा दुखला नव्हता," तो म्हणाला आणि मग त्यानं सगळं सांगितलं. जावई, बादल्या, साहेब. शेवटी स्टोअर.

तिनं टोमणा मारला नाही, आणि त्याला तोच हवा होता. सांगता सांगता तेल गार झालं होतं. ती उठली, वाटी पुन्हा गॅसवर ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करून ते तापायची वाट पाहत उभी राहिली.