गाळलेलं वाक्य

"पाळकसाहेब, जरा हळू," वेणी दबक्या आवाजात म्हणाली. हात मात्र हवेत चाललेच होते. "तुम्ही दोन वाक्यं पुढे गेलात."

पाळकसाहेब थांबले, कपाळावरचा घाम टिपला आणि पुन्हा सुसाट सुटले. देवाचं नाव निघालं की त्यांना आवरणं कठीण. वेणी प्रार्थनागृहातल्या व्यासपीठाच्या डाव्या अंगाला उभी राहून त्यांचं बोलणं हातांनी, भुवयांनी, खांद्यांनी समोरच्या तीन बाकांवर पोचवत होती. त्या बाकांवर तेवीस माणसं होती आणि त्यातल्या एकालाही ऐकू येत नव्हतं.

वेणी हे तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी कमरेपर्यंत केस होते, म्हणून आई, आप्पा आणि त्यांचे सगळे बहिरे सोबती तिला हाक मारताना मानेपासून कमरेपर्यंत हात फिरवून वेणी काढत. आता ती छत्तीस वर्षांची होती, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करत होती. केस कधीच कापून टाकले होते, पण नाव चिकटलं ते चिकटलं. घरात ऐकू येणारी ती एकटीच. त्यामुळे बाहेरच्या जगाचं बोलणं घरात आणायचं काम पाचव्या वर्षीच तिच्या गळ्यात पडलं. बँकेत तीच, दवाखान्यात तीच. शाळेतल्या बाईंनी तिच्याविरुद्ध केलेल्या तक्रारी आप्पांना सांगायलाही तीच. त्या अर्थातच निम्म्याच पोचत.

इथे येऊन तिला दोन वर्षं झाली होती. आप्पा सुतार. प्रार्थनागृहाचे बाक त्यांनीच केले. तेव्हा पाळकसाहेब रोज त्यांना चहा देत आणि समोर बसून काहीतरी सांगत. शेवटी आप्पांनी वेणीला गळ घातली, 'एकदाच ये. हा माणूस रोज एवढं हसून काय सांगतो ते मला कळू दे.' एकदाच म्हणता म्हणता रविवारमागून रविवार गेले. आप्पांनी बिस्किटांच्या कारखान्यातल्या पॅकरबाईला आणलं. पॅकरबाईने इस्त्रीवाल्या नवरा-बायकोला आणलं, त्यांनी आणखी कुणाला. शनिवारी संध्याकाळी बसथांब्यामागच्या कट्ट्यावर ही सगळी जमत आणि आप्पा मागच्या रविवारचं प्रवचन पदरचं तिखटमीठ लावून पुन्हा सांगत. बातमी पसरायला यांना तोंड लागत नव्हतं.

अडचण एकच होती. वेणीचा स्वतःचा यातल्या कशावरही विश्वास नव्हता.

त्या गुरुवारी ती डोळ्यांच्या दवाखान्यात तयार चष्मे पोचवायला गेली. बाहेरच्या बाकावर एक तरुण मुलगी एका म्हातारीला हातांनी काही समजावत होती. दोघी बहिऱ्या, दोघी अनोळखी. म्हातारीला ऑपरेशनची धास्ती होती. मुलगी सांगत होती, 'घाबरू नकोस. देव उशाशी बसून राहतो. उठत नाही. चहा प्यायलासुद्धा उठत नाही.'

वेणी पिशवी बाकावर ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली.

'हे तुला कुणी सांगितलं?' तिने विचारलं.

'आमच्या गावच्या प्रार्थनामंडळीत सगळ्यांना माहीत आहे,' मुलगी म्हणाली. 'देवाच्या पुस्तकात आहे.'

तिचं गाव बसने चार तासांवर होतं.

असं वाक्य कुठल्याच पुस्तकात नव्हतं. वर्षापूर्वी एका रविवारी पाळकसाहेब भरात येऊन म्हणाले होते, "ज्याची श्रद्धा पक्की, त्याचा आजार टिकत नाही. टिकला, तर माणसाने आपली श्रद्धा तपासावी." आप्पा पुढच्याच बाकावर होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती. जाण्याआधी अकरा महिने ती अंथरुणाला खिळलेली होती. वेणीचे हात हवेतच अडले. मग पाळकसाहेबांचं वाक्य तिथेच टाकून तिच्या हातांनी भलतंच काही सांगितलं. तेच हे.

वेणी दुकानात परतली. त्या दुपारी तिच्या हातून दोन काचा बिघडल्या. घरी जेवण जाईना. इकडून उठावं, तिकडे बसावं, असं चाललं. शुक्रवारी तिने पाळकसाहेबांचं दार वाजवलं.

"रविवारपासून दुसरं कुणीतरी बघा."

"अगं, रविवारी सात जणांचा बाप्तिस्मा! तुझे आप्पा आहेत त्यात."

"म्हणूनच म्हणते. मी यातलं काहीच मानत नाही."

"ते मला ठाऊक आहे," पाळकसाहेब म्हणाले. "गाताना तुझे ओठ हलत नाहीत."

"आणि मी तुमचं एक वाक्य गाळलंय. त्याच्या जागी माझं घातलं." तिने सगळं सांगितलं.

पाळकसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "मी असं म्हणालो होतो?"

"शब्द न् शब्द."

"आप्पांसमोर?"

"हो."

"वाहवत गेलो असेन." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुझं वाक्य माझ्यापेक्षा बरं आहे, पोरी. पण ते माझ्या नावावर नको होतं. आप्पांना सांग, मग रविवारचं तू ठरव."

शनिवारी सकाळी ती आप्पांच्या सुतारकामाच्या कारखान्यात गेली. आप्पा खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होते. तिने त्यांच्या खांद्याला हात लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: ते वाक्य देवाचं नाही, पाळकसाहेबांचं नाही, माझं आहे. आणि मी मानतही नाही.

आप्पांनी अंगावरचा भुसा झटकला. 'तो काय म्हणाला होता?'

तिने तेही सांगितलं. आप्पांचा जबडा आवळला. ते वळले, रंध्याचे पाच-सहा जोरकस हात मारले आणि पुन्हा तिच्याकडे फिरले.

'मला तेव्हाच कळलं होतं,' ते म्हणाले. 'थोडे ओठ वाचता येतात मला; त्याचे ओठ आणि तुझे हात जुळत नव्हते. शिवाय तुझ्या आईच्या उशाशी कोण बसलं होतं? चहा कुणाचा थंड व्हायचा? माझाच ना? ही गोष्ट आपल्या घरातली. पाळकाला कुठून माहीत असणार?'

वेणीने विचारलं, 'मग बाप्तिस्मा कशाला घेताय?'

'त्या अकरा महिन्यांत मी एकटा नव्हतो. तेव्हा कळलं नाही, तू सांगितलंस तेव्हा कळलं. ते तू मनाचं सांगितलंस की कुणी तुझ्याकडून वदवून घेतलं, त्याच्याशी मला काय करायचंय?'

'पण मी मानत नाही, आप्पा.'

'मी विचारलं का तुला?' आप्पांनी रंधा उचलला, मग परत खाली ठेवला. हात मोकळे हवे होते. 'उद्या ये. आणि उद्या काही गाळू नकोस. त्याचंही नाही, माझंही नाही.'

रविवारी प्रार्थनागृहामागच्या अंगणात हौद भरला होता. पाळकसाहेब आणि आप्पा छातीभर पाण्यात, वेणी कठड्यावर.

"मागचं सगळं आज या पाण्यात बुडालं," पाळकसाहेब म्हणाले. वेणीने ते जसंच्या तसं पोचवलं. आप्पांनी ओले हात पाण्याबाहेर काढून काही सांगितलं, आणि वेणी ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सगळं नाही. बायको राहील."

ऐकणाऱ्यांत खसखस पिकली. पाळकसाहेब गडबडले. "राहू द्या," ते म्हणाले. "त्या राहतील." मग नेहमीचा प्रश्न, "विश्वास ठेवता?"

"हो," वेणी म्हणाली. "मी विश्वास ठेवतो."

दुसऱ्याचं बोलणं सांगताना 'ते म्हणतात' असं लावायचं नाही, त्याचा 'मी' तसाच आपल्या तोंडात घ्यायचा, ही तिची रीत. बाईच्या आवाजातलं ते 'ठेवतो' ऐकून मागची दोन पोरं हसली. आप्पा पाण्याखाली गेले, वर आले. बहिऱ्यांनी दोन्ही हात उंच करून पंजे हलवले. त्यांच्या टाळ्या तशाच. त्यानंतर तीन पुरुष उतरले. आणखी तीनदा 'ठेवतो'.

मग बायकांची पाळी आली. पहिली पॅकरबाई. थंडीने दात वाजत होते, तरी तिने उत्तर ठसठशीत दिलं.

"हो," वेणी म्हणाली. "मी विश्वास ठेवते."

या वेळी आवाज बाईचा आणि 'ठेवते'ही बाईचंच; कुणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी पॅकरबाईला पाण्यात घेण्याऐवजी मान वर करून कठड्याकडे पाहिलं. टॉवेल गुंडाळून उभे असलेले आप्पाही तिच्या ओठांकडे बघत होते.

वेणीने घाईने पॅकरबाईकडे बोट केलं.

"या म्हणताहेत," ती म्हणाली.

पाळकसाहेबांनी मान डोलावली. हौदाच्या पायऱ्यांवर अजून दोघी जणी आपली पाळी यायची वाट बघत उभ्या होत्या.