मनगटावरचा आकडा

औषधांच्या डब्यात बामची एक बाटली होती, एक थर्मामीटर होता आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची चार पाकिटे होती. त्यातली तीन जशीच्या तशी. चौथ्यातल्या दहापैकी चारच गोळ्या काढलेल्या.

बाम न्यायला आलेली थोरली डबा घेऊन तिथेच खाली बसली. सकाळपासून बाबांची मान धरली होती. ही पाकिटे तिनेच गेल्या महिन्याच्या सुरुवातीला आणली होती. रोज एक, या हिशेबाने आता शेवटचे पाकीट चालू असायला हवे होते.

तिने आईला विचारले. आईने भाजी चिरता चिरता मानही वर केली नाही. "मला काय विचारतेस? लग्न माझ्याशी झालंय, पण हल्ली ऐकतात ते त्या घड्याळाचं."

बाहेरच्या खोलीत बाबा दुपारपाळीसाठी बूट चढवत होते. लोखंड ओतायच्या कारखान्यात ते क्रेन चालवत. छताखालच्या केबिनमध्ये बसून वितळलेल्या लोखंडाच्या बादल्या या टोकाकडून त्या टोकाला न्यायच्या, आणि खाली माणसे काम करत असायची.

गोळ्यांचे विचारल्यावर ते मुळीच बिचकले नाहीत. उलट त्यांचे प्रवचनच सुरू झाले. गोळी म्हणजे कुबडी, एकदा धरली की सुटत नाही, असे मोबाइलवरचा एक दाढीवाला रोज सांगत होता. मीठ कमी केले, चार पावले चालले, की रक्त आपोआप वठणीवर येते. शिवाय कारखान्याची तपासणी तोंडावर आली होती. गोळ्या चालू आहेत म्हटल्यावर साहेब क्रेनवरून उतरवून भांडारात खिळे मोजायला बसवणार. आणि डॉक्टरचे काय घेऊन बसलीस, त्याला आपण वर्षातून दोनदा दिसतो. घड्याळ झोपेतसुद्धा पाठ सोडत नाही. त्यांनी बाही सरकवून मनगट तिच्यापुढे धरले. एकशे चौदा, बहात्तर.

"रोज हेच. विशीतल्या पोरांना लाजवीन मी. आणि बसवून कुणी दिलं? तूच ना?"

थोरलीने तो आकडा पुन्हा वाचला.

दुकानांचे वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करत होती. नवा काटा आला की ज्याचे वजन पक्के ठाऊक आहे ते माप आधी त्यावर ठेवायचे, ही तिथली पहिली शिकवण. घड्याळ आणले त्या संध्याकाळीही तिने तेच केले होते. दंडाला पट्टा बांधून घेतलेला खरा आकडा या घड्याळाला एकदा सांगावा लागे. मग ते नाडीवरून त्या आकड्याच्या आसपासचेच पुढचे अंदाज बांधी. स्वतःचे ब्लडप्रेशर तिला पाठ होते, म्हणून तिने घड्याळ आधी स्वतःच्या मनगटावर चढवले, पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, स्वतःचा आकडा भरला. तो पुसून बाबांचा भरायचा, एवढेच राहिले होते. तेवढ्यात फोन आला आणि ती गॅलरीत गेली. परत येईपर्यंत बाबा नवे घड्याळ मिरवायला शेजारी पोचलेही होते.

तिला फोन आठवला, शेजाऱ्यांचे हसणे आठवले. आकडा पुसल्याचे काही केल्या आठवेना.

"बाबा, मानेशिवाय अजून काय होतंय?"

काही नाही, ते म्हणाले. काल शिडी चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण ते भट्टीच्या उजेडाने. वर गेल्यावर बरे वाटले होते.

"बूट काढा."

"अगं, पाळीची वेळ झाली."

"तो आकडा माझा आहे, बाबा," ती म्हणाली. "महिनाभर तुमच्या मनगटावर माझं ब्लडप्रेशर दिसतंय."

स्वयंपाकघरातली सुरी थांबली. बाबांनी आधी घड्याळाकडे पाहिले, मग तिच्याकडे. एक बूट काढला, दुसरा तसाच पायात ठेवून ते खुर्चीत टेकले.

"मग माझं किती आहे?"

तिने कपाटातून पट्ट्याचे यंत्र काढले. पट्टा दोनदा निसटला. पाच मिनिटे बोलायचे नाही, हलायचे नाही, असे तिने बजावले. एरवी यावर त्यांनी काहीतरी टोमणा मारला असता. आता त्यांनी हात टेबलावर सरळ ठेवला. आई दाराशी येऊन उभी राहिली. थोरलीने बटण दाबले. पट्टा फुगत गेला, थांबला, पुन्हा फुगला, मग हळूहळू हवा सुटू लागली.

यंत्र वाजले. दोनशे आठ, एकशे चोवीस.