डाव्या हाताची चावी

शेवटी शेजारच्या सुतारानं पहार घालून दार उघडलं. चावीवाला बाजूला उभा राहून स्वतःच्या बोटांकडे बघत होता. अर्धा तास त्यानं कुलपात तार फिरवली होती, पण आतली खिट्टी उचलली गेली की नाही, हे बोटांना कळतच नव्हतं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"म्हातारा संपला," घरमालकीण सुताराला म्हणाली. हळू म्हणाली, पण त्याची बोटं गेली होती, कान नव्हते.

त्या दिवसापासून त्याच्या स्वतःच्या घराचा वारा फिरला. पहिलं ताट आता नोकरीवर जाणाऱ्या मुलाचं. "बाबा, तुम्ही पडा जरा," असं मुलगा इतक्यांदा म्हणायचा, की पडून राहणं हेच चावीवाल्याचं काम झालं. तो खोलीत शिरला की मायलेकाचं बोलणं तुटायचं. एक दिवस हत्यारांच्या खणालाच कुलूप दिसलं. चावीवाल्याच्या घरात, चावीवाल्यापासून.

"खणाची चावी कुठाय?" त्यानं बायकोला विचारलं.

"कशाला? हात कापून घ्याल."

"हत्यारं विकलीत ना दोघांनी मिळून?"

"हो, विकली. तुम्हाला फिरायला घोडा घेतलाय. बांधायला जागा शोधतेय."

एरवी तो हसला असता. पण तिनं नजरेला नजर दिली नाही, आणि तिच्या बाहीवर पितळेचा कीस चमकत होता.

चार दिवसांनी गल्लीत शिंप्यानं त्याला अडवलं. "कालची चावी काय बसली हो. लोक उगाच म्हणतात तुमचा हात गेला."

काल त्यानं कुणालाच चावी करून दिली नव्हती. "बघू," म्हणत त्यानं ती उजेडात धरली. दात बरोबर होते. पण कानशीचे ओरखडे उलट्या अंगाला तिरपे गेले होते. हे डाव्या हाताचं काम. घरात डावखुरी एकच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पडला नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. त्या दाराआड तो उभा राहिला. कानस चालू होती. जाताना खर्र, येताना खर्र. मग ती थांबली आणि पायरीवर कुणीतरी बोललं.

"ते नाहीत का?"

"आत बसून घासतायत," बायको म्हणाली. "मी नुसती हातात द्यायला."

तो पाय न वाजवता परत गेला, आडवा झाला आणि त्यानं डोळे मिटले. राग आला होता, की आणखी काही, ते त्याला ठरवता येईना. एवढं मात्र ठरलं, की आधी तिनं सांगावं, मग आपण बोलू. ती तरी कुठली सांगतेय. सहा महिने दोघं गप्प राहिली. मग आठवड्याभराच्या तापात ती गेली.

दुकान आता बंद आहे. कानस पार बोथट झाली आहे. पुढं नेताना दाबायची आणि मागं आणताना उचलायची असते. तेवढं तिला सांगायचं राहिलं.